मधुमेह्याच्या मूत्रपिंडांची आगाऊ वर्दी

मधुमेह हा आतां केवळ श्रीमंतांचा किंवा वृद्धांचा रोग राहिलेला नाहीं, हें आमच्या सुविद्य वाचकांस निराळें सांगावयास नको. ज्या घरांत एकही पेला बिनसाखरेच्या चहाचा होत नाहीं, असें घर आज अमरावतीस किंवा अकोल्यास शोधूनच काढावें लागेल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष सन २०२३ मध्यें प्रसिद्ध झाले. त्यांत भारतांतील मधुमेह्यांची संख्या १० कोटि १० लक्ष, व मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेल्यांची १३ कोटि ६० लक्ष दिली आहे. हा प्रश्न आतां एका व्यक्तीचा नसून कुटुंबाचा झाला आहे, आणि त्यांतही एकत्र कुटुंबाचा अधिक. कारण तेथें एकाचें पथ्य सर्वांच्या स्वयंपाकाशीं बांधलेलें असतें व एकाच्या आजारपणाचा भार सर्वांच्या मिळकतीवर पडतो.

मधुमेहाची चर्चा घरोघर चालते, परंतु ती बहुतेक साखरेच्या आंकड्यांची असते. उपाशीपोटीं किती, जेवणानंतर किती, तीन महिन्यांची सरासरी किती, हे प्रश्न आतां घरांतल्या मुलांसही पाठ झाले आहेत. मात्र साखर हा ह्या रोगाचा केवळ दर्शनी भाग होय. डोळा, मज्जातंतु, हृदय आणि मूत्रपिंड ह्या चार ठिकाणीं त्याचें काम आंतल्या आंत चालतें, व त्यांतही मूत्रपिंडाइतकें मुकें इंद्रिय दुसरें नाहीं. भारतांतील जुनाट मूत्रपिंडविकाराच्या ५२,२७३ प्रौढ रोग्यांची नोंद सन २०१२ मध्यें प्रसिद्ध झाली. तींत शंभरांतील सुमारें ३१ जणांच्या विकाराचें मूळ मधुमेहांत होतें. दुसऱ्या कोणत्याही एका कारणाचा वांटा इतका मोठा नव्हता.

ह्या लेखांत आम्हांस एकच गोष्ट वाचकांच्या मनावर ठसवावयाची आहे. मधुमेह्याचें मूत्रपिंड अकस्मात् दगा देत नाहीं. निकामी होण्यापूर्वीं कित्येक वर्षें तें वर्दी देत असतें, आणि ती वर्दी लघवींतून येते. ती वाचण्याची सोय आज आपल्या वऱ्हाडांत आहे. ती वाचण्याची संवय मात्र अजून आपल्या घरांस लागलेली नाहीं.

मूत्रपिंडाची गाळणी

प्रत्येक मूत्रपिंडांत सुमारें १० लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहूनही बारीक अशा रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ, आणि त्यास जोडलेली एक लांब नलिका. चोवीस तासांत दोन्ही मूत्रपिंडें मिळून सुमारें १८० लिटर द्रव गाळतात. त्यांपैकीं बहुतेक सर्व भाग नलिका परत शोषून घेतात आणि दीड-दोन लिटर तेवढा लघवीच्या रूपानें बाहेर पडतो. रक्तांतील निरुपयोगी द्रव्यें टाकून द्यावयाचीं व उपयुक्त द्रव्यें राखावयाचीं, असा हा अखंड व्यवहार आहे.

राखून ठेवावयाच्या द्रव्यांत अल्ब्युमिन नांवाचें प्रथिन मुख्य होय. गाळणीची जाळी धड असेल तोंवर तें रक्तांतच राहतें. गृहिणीस हें चटकन समजेल. चहाच्या गाळणीची जाळी शाबूत असेल तर पेल्यांत पत्ती उतरत नाहीं. एक-दोन कण उतरूं लागले, म्हणजे जाळी कोठें तरी सैल झाली असें ती ओळखते, व गाळणीस मोठें भोंक पडेपर्यंत वाट पाहत नाहीं. मधुमेहांत रक्तांतील वाढलेल्या साखरेनें व वाढलेल्या रक्तदाबानें गुच्छांतील जाळी अशीच हळूहळू सैल होते, आणि अल्ब्युमिनचे थोडे कण लघवींत उतरूं लागतात. हीच ती वर्दी होय.

ह्या अवस्थेंत रोग्यास कांहींही होत नाहीं. पाय सुजत नाहींत, कंबर दुखत नाहीं, लघवीस फेस येत नाहीं. हीं सारीं लक्षणें पुष्कळ उशिरांचीं आहेत. रक्तांतील क्रिएटिनिन मोजून मूत्रपिंडाची परीक्षा करण्याची रीति सर्वत्र रूढ आहे व ती आवश्यकही आहे. परंतु मूत्रपिंडाची निम्मी शक्ति खर्ची पडेपर्यंत तो आंकडा पुष्कळदां साधारण मर्यादेंतच राहतो. इतकेंच नव्हे, मधुमेहाच्या आरंभींच्या काळांत पुष्कळांचें मूत्रपिंड नेहमींपेक्षां अधिक वेगानें गाळतें, त्यामुळें आंकडे उलट उत्तम दिसतात. अधिक राबणाऱ्या बैलास धनी सशक्त समजतो, तशांतला हा प्रकार.

याहून फसवी अशी आणखी एक गोष्ट आहे, ती प्रत्येक घरानें लक्षांत ठेवावी. शरीरांतील इन्शुलिनचा निचरा कांहीं अंशीं मूत्रपिंडांतून होतो. मूत्रपिंड दुर्बळ झालें म्हणजे इन्शुलिन शरीरांत अधिक वेळ टिकतें, आणि रोग्याची साखर पूर्वीच्याच औषधांवर खालीं येऊं लागते. वर्षानुवर्षें न आटोपणारी साखर आपोआप आटोपली म्हणून घरांत आनंद होतो, औषधें कमी केलीं जातात, आणि खरें कारण मात्र मूत्रपिंडाच्या ऱ्हासांत असतें. जुन्या मधुमेह्याची साखर कांहीं कारण नसतां कमी होऊं लागली, तर प्रथम मूत्रपिंडाची चौकशी करावी.

मेणबत्तीपासून प्रयोगशाळेपर्यंत

लघवीवरून रोग ओळखण्याची विद्या आपल्या देशास नवी नाहीं. चरकानें प्रमेहाचे २० प्रकार सांगितले, व मधुमेह्याच्या लघवीकडे मुंग्या धांवतात हें निरीक्षण आपल्या प्राचीन वैद्यांनीं नोंदवून ठेवलें आहे. परंतु मुंगीस गोडी कळते, प्रथिन कळत नाहीं. ती दुसरी खूण ओळखण्यास मनुष्यास पुष्कळ काळ लागला.

लंडनच्या गायज् रुग्णालयांतील डॉ. रिचर्ड ब्राइट ह्यांनीं सन १८२७ मध्यें सर्वांगास सूज आलेल्या रोग्यांची लघवी पळींत घेऊन मेणबत्तीवर तापविली, व ती अंड्याच्या पांढऱ्या भागाप्रमाणें गोठते असें दाखवून त्या सुजेचा संबंध मूत्रपिंडांशीं जोडला. पुढें सन १९३६ मध्यें किमेलस्टील आणि विल्सन ह्या दोघां शास्त्रज्ञांनीं मधुमेहांत मूत्रपिंडाच्या गुच्छांत पडणाऱ्या विशिष्ट गांठींचें वर्णन केलें. तथापि पळी-मेणबत्तीची परीक्षा काय, किंवा त्यानंतर आलेली रंग बदलणारी कागदी पट्टी काय, प्रथिन पुष्कळ प्रमाणांत गळूं लागल्यावांचून तें दाखवूं शकत नसे.

ही अडचण दूर झाली ती त्याच गायज् रुग्णालयांत. तेथील डॉ. हॅरी कीन व त्यांचे सहकारी क्लोव्हेराकिस ह्यांनीं सन १९६३ मध्यें अत्यल्प अल्ब्युमिन मोजण्याची रीति प्रसिद्ध केली. त्यानंतर सन १९८२ मध्यें डॉ. व्हिबर्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं, लहान वयांत मधुमेह झालेल्या रोग्यांचा १४ वर्षांचा वृत्तांत मांडून, ज्यांच्या लघवींत प्रारंभीं हें सूक्ष्म अल्ब्युमिन होतें त्यांनाच पुढें मूत्रपिंडविकार विशेषेंकरून जडला, असें दाखविलें. डेन्मार्कमधील डॉ. मोगेनसेन ह्यांनीं सन १९८४ मध्यें प्रौढ वयांतील मधुमेहाविषयीं तसाच निष्कर्ष काढला, आणि असें अल्ब्युमिन असणाऱ्यांस अकालीं मृत्यूचें भय अधिक असतें हेंही सांगितलें. हृदयाच्या व मेंदूच्या रक्तवाहिन्याही त्याच रक्तानें भिजतात. मूत्रपिंडाची जाळी सैल झाली, तर इतर ठिकाणींही कांहीं बिघडत आहे असें समजावें.

परीक्षा कोणती व ती केव्हां

ह्या परीक्षेस अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण म्हणतात. चोवीस तासांची लघवी बरणींत सांठविण्याचा जुना खटाटोप आतां लागत नाहीं. सकाळच्या पहिल्या लघवीचा एक लहानसा नमुना पुरतो. नुसतें अल्ब्युमिन न मोजतां त्याचें क्रिएटिनिनशीं प्रमाण कां काढतात, हें वऱ्हाडांतील माणसास सहज उमगेल. वैशाखांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, अंगांतील पाणी घामावाटे निघून जातें व लघवी थोडी आणि दाट होते. श्रावणांत तीच पातळ व पुष्कळ होते. एकच मूत्रपिंड एका ऋतूंत अधिक दोषी व दुसऱ्यांत निर्दोष दिसूं नये, म्हणून दाटपणाचा फरक क्रिएटिनिनच्या मापानें काढून टाकतात.

एक ग्रॅम क्रिएटिनिनमागें अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमहून कमी असेल तर तें साधारण समजावें. ३० ते ३०० पर्यंतचा आंकडा म्हणजे वर्दी, आणि ३०० च्या पुढें म्हणजे विकार उघड झाला. येथें पुष्कळ घरें फसतात. लघवीच्या नेहमींच्या तपासणीच्या कागदावर 'अल्ब्युमिन : निल' असा शेरा असतो, व तो वाचून कुटुंब निर्धास्त होतें. तो शेरा साध्या पट्टीचा असतो. ३० ते ३०० च्या दरम्यानचा दोष पुष्कळदां तिच्या नजरेंतून सुटतो. म्हणून डॉक्टरांस अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण हीच परीक्षा नांव घेऊन सांगावी. अमरावती-अकोल्याच्या चांगल्या प्रयोगशाळांतून ती होते, आणि तिचा खर्च एखाद्या सणाच्या मिठाईहून अधिक नसतो.

प्रौढपणीं होणारा मधुमेह कित्येकदां बरींच वर्षें अंगांत मुरलेला असतो. म्हणून तो ज्या दिवशीं कळला त्याच वेळीं ही परीक्षा करावी व पुढें प्रतिवर्षीं करावी. लहानपणीं जडणाऱ्या इन्शुलिनावलंबी मधुमेहांत पांच वर्षांनंतर आरंभ करावा. एका आंकड्यावरून घाबरूं नये. ताप, मूत्रमार्गांतील जंतुदोष, मासिक अटकाव, साखर किंवा रक्तदाब फार चढलेला असणें, ह्या कारणांनीं अल्ब्युमिन तात्पुरतें वाढतें. जोराच्या व्यायामानंतरही तसें होतें; ज्या अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें आखाड्याचा लौकिक मिळवून दिला, तेथें हें मुद्दाम सांगितलें पाहिजे. नमुना देण्याच्या आदल्या दिवशीं दंडबैठकांस विश्रांति द्यावी. तीन ते सहा महिन्यांत तीन वेळां तपासून त्यांतील दोन आंकडे वाढलेले निघाले, तरच निदान पक्कें समजतात.

ह्याच्या जोडीस रक्तांतील क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाजही दरवर्षीं काढावा. कारण कांहीं मधुमेह्यांच्या लघवींत अल्ब्युमिन मुळींच वाढत नाहीं, तरी गाळण्याचा वेग मात्र घटत जातो. हा वेग तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खालीं राहिला, तर तो जुनाट विकार मानतात. एक परीक्षा दुसरीची जागा घेऊं शकत नाहीं.

खारपाण पट्ट्यांतील गैरसमज

वऱ्हाडांत ह्या विषयास एक विशेष पैलू आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यांत अमरावती, अकोला व बुलढाणा ह्या तीन जिल्ह्यांतून जो खारपाण पट्टा पसरला आहे, तेथील विहिरींचें पाणी खारट आहे, हें दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, शेगांव ह्या भागांत ज्यांचीं शेतें वा सोयरीक आहे त्यांस ठाऊकच आहे. वान व शहानूर येथील धरणांचें पाणी नळांनीं पुष्कळ गांवांस पोंचलें, तरी ज्या गांवांस तें वेळेवर मिळत नाहीं तेथें लोकांस विहिरीचा किंवा बोअरचा आश्रय करावा लागतो. ह्या पट्ट्यांतील मूत्रपिंडाच्या दुखण्याच्या वार्ता वृत्तपत्रांतून वारंवार येतात, व त्यामुळें मूत्रपिंड बिघडलें कीं त्याचा दोष पाण्यास देण्याची रीत पडली आहे.

पाण्याचा प्रश्न खरा आहे. त्यास हलका लेखण्याचा आमचा हेतु नाहीं. पाण्यांतून पोटांत जाणारा क्षार रक्तदाब वाढविण्यास साह्य करतो, व वाढलेला रक्तदाब मूत्रपिंडाचा शत्रूच होय. गोड पाणी मिळणें हा त्या गांवांचा हक्क आहे. परंतु सर्व दोष पाण्याच्या माथीं मारल्यानें एक अनर्थ होतो : ज्याच्या घरीं नळाचें शुद्ध पाणी आहे तो मधुमेही स्वतःस सुरक्षित समजतो, आणि पट्ट्यांत राहणारा मधुमेही पाण्याकडे बोट दाखवून साखरेकडे व रक्तदाबाकडे दुर्लक्ष करतो.

ह्या दोन कारणांचा निवाडा करण्यासही लघवीच उपयोगी पडते. आंध्र प्रदेशाच्या श्रीकाकुलम् जिल्ह्यांतील उद्दानम् भाग, किंवा सिंहलद्वीपाचा उत्तर-मध्य प्रांत, येथें मधुमेह नसलेल्या शेतकऱ्यांत जो मूत्रपिंडविकार आढळतो, त्यांत घाव मुख्यतः नलिकांवर पडतो. लघवींत अल्ब्युमिन थोडेंच असतें, परंतु नलिकांनीं परत शोषून घ्यावयाचीं लहान प्रथिनें लघवींत आढळतात. मधुमेहांत बहुधा गुच्छाची जाळी आधीं बिघडते व अल्ब्युमिन दिसूं लागतें. अर्थात् एकाच मनुष्यास दोन्ही कारणें असूं शकतात. म्हणून निवाडा तज्ज्ञ डॉक्टरांनींच करावयाचा. तथापि त्यांच्यासमोर लघवीचे आंकडेच नसतील, तर निवाडा व्हावा तरी कसा ?

नवीं लक्षणद्रव्यें

अल्ब्युमिनच्याही आधीं रोगाचा सुगावा लावतां येईल कीं काय, ह्या प्रश्नावर जगभर संशोधन चाललें आहे. लघवींत अशीं कित्येक द्रव्यें सांपडलीं आहेत, जीं मूत्रपिंडांतील निरनिराळ्या भागांची अवस्था सांगतात. 'किम-१' व 'एनगॅल' हीं प्रथिनें नलिकांस इजा झाली म्हणजे वाढतात. यकृताच्या नांवानें ओळखलें जाणारें परंतु मूत्रपिंडाच्या नलिकांतही असणारें, मेदाम्लें वाहून नेणारें एक प्रथिन आहे. त्याची लघवींतील परीक्षा जपानांत सन २०११ पासून आरोग्यविम्याच्या योजनेंत घेतली गेली. ह्या द्रव्यांचा गुण असा, कीं तीं मूत्रपिंडाचा नेमका कोणता भाग दुखावला तें सांगतात. उणीव अशी, कीं जंतुदोष किंवा अन्य तात्पुरत्या आघातानेंही तीं वाढतात, त्यामुळें मधुमेहाचा म्हणून स्वतंत्र दोषारोप त्यांवरून करतां येत नाहीं.

दुसरा मार्ग याहून व्यापक आहे. एका द्रव्यावर विसंबून न राहतां लघवींतील २७३ सूक्ष्म प्रथिनखंडांचा एकत्र आराखडा काढावयाचा, व त्यावरून भविष्य वर्तवावयाचें. युरोपांतील अनेक रुग्णालयांनीं मिळून ह्या आराखड्याची परीक्षा ज्यांचें अल्ब्युमिन साधारण होतें अशा १,७७५ मधुमेह्यांवर केली. तिचा वृत्तांत सन २०२० मध्यें प्रसिद्ध झाला. आराखड्यानें २१६ जणांस धोक्याचे ठरविलें. पुढें त्यांच्यांतील शंभरीं २८ जणांच्या लघवींत सूक्ष्म अल्ब्युमिन उमटलें. उरलेल्यांत तें शंभरीं ९ जणांतच उमटलें. म्हणजे भविष्य बरेंच खरें ठरलें. परंतु धोक्याच्या लोकांपैकीं कांहींस स्पायरोनोलॅक्टोन हें औषध देऊन पाहिलें असतां त्यानें रोग थोपविला नाहीं.

ह्यांतून शिकण्यासारखें पुष्कळ आहे. नुसतें आधीं कळणें पुरेसें नाहीं. कळल्यावर करावयाचा उपाय सिद्ध असला पाहिजे. अल्ब्युमिनची थोरवी हीच, कीं तें दिसल्यावर काय करावें हें आज निश्चित ठाऊक आहे. नवीं द्रव्यें उद्यां आपली जागा घेतील. परंतु त्यांची वाट पाहत आजची स्वस्त व सिद्ध परीक्षा टाळणें म्हणजे रेल्वे येणार म्हणून दारांतली बैलगाडी सोडून देण्यासारखें आहे.

वर्दी मिळाल्यावर

डेन्मार्कमधील स्टेनो संस्थेंत १६० मधुमेह्यांवर एक प्रदीर्घ प्रयोग झाला. सर्वांच्या लघवींत सूक्ष्म अल्ब्युमिन होतें. निम्म्यांस साखर, रक्तदाब, चरबी, आहार व व्यायाम ह्या सर्व बाजूंनीं एकदम कसून उपचार दिले. निम्म्यांस त्या काळचे नेहमींचे. सन २००३ मध्यें जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यांत पहिल्या गटांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या आघातांचें भय जवळजवळ निम्म्यानें घटलें होतें, व मूत्रपिंडाचा बिघाडही मागें पडला होता.

औषधांतही मोठी प्रगति झाली आहे. लोसार्टन व तत्सम रक्तदाबाचीं औषधें गुच्छांतील दाब उतरवितात व मूत्रपिंडाचें रक्षण करतात, हें सन २००१ मध्यें सिद्ध झालें. त्यानंतर साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या औषधांचा नवा वर्ग आला. त्यांपैकीं कॅनाग्लिफ्लोझिन हें औषध लघवींत अल्ब्युमिन असलेल्या ४,४०१ मधुमेह्यांपैकीं अर्ध्यांस देऊन पाहिलें, तेव्हां मूत्रपिंडाच्या गंभीर बिघाडाचा धोका सुमारें शंभरीं ३० नें कमी आढळला. सन २०१९ मध्यें हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. त्याच वर्गांतील डापाग्लिफ्लोझिनची भारतांतील मक्तेदारी सन २०२० मध्यें संपली, व एम्पाग्लिफ्लोझिनची सन २०२५ मध्यें. त्यामुळें जीं औषधें पूर्वीं महाग होतीं, तीं आतां मध्यम स्थितींतील घरासही झेपतात.

तथापि हीं औषधें शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेण्याचीं नव्हेत. लोसार्टनच्या वर्गांतील औषध सुरू केल्यावर रक्तांतील पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासावें लागतें, आणि गर्भिणीस तें मुळींच चालत नाहीं. घरांतील मधुमेही सुनेस दिवस राहण्याचा संभव असेल, तर डॉक्टरांस आधीं कळवावें. लघवीवाटे साखर काढणारें औषध चालू असतां निर्जळी एकादशी किंवा हरतालिकेचा कडक उपास करणें धोक्याचें आहे. शरीरांतील पाणी आटून व रक्तांत आम्ल वाढून प्राणसंकट ओढवूं शकतें. ज्यांस व्रत मोडवत नाहीं त्यांनीं निदान डॉक्टरांस विचारून व्रताचें रूप बदलावें. आजाऱ्यास सवलत देण्याइतका आपला धर्म उदार आहे.

घराची व्यवस्था

वर्दीकडे दुर्लक्ष झालें, तर शेवट कोठें होतो तें पाहावयाचें असेल तर डायलिसिसच्या कोणत्याही विभागांत एक सकाळ बसावें. आठवड्यांतून दोन-तीन वेळां, प्रत्येक वेळीं सुमारें चार तास, यंत्रास जोडलेल्या माणसाबरोबर त्याचा मुलगा किंवा सून बसलेली असते. सन २०१६ च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमानें जिल्हा रुग्णालयांतून ही सोय गरिबांस विनामूल्य उपलब्ध झाली, व अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयांत मूत्रपिंडरोपणाच्या शस्त्रक्रियाही झाल्या, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु खेड्यांतून शहरास होणाऱ्या खेपा, बुडणारी कमाई व घराचा मोडलेला क्रम ह्यांचें मोल कोणतीही योजना भरून देत नाहीं. एका माणसाचें मूत्रपिंड निकामी झालें, कीं एकत्र कुटुंबांतील दोन माणसांचा दिवस त्यांत जातो.

म्हणून प्रत्येक घरानें एक वही करावी. तींत प्रत्येक मधुमेह्याचें नांव, वर्ष, साखरेची त्रैमासिक सरासरी, रक्तदाब, क्रिएटिनिन व अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण एवढेंच लिहावें. आंकडा वर चढतो आहे कीं उतरतो आहे हें एका कागदावरून कळत नाहीं, चार वर्षांच्या वहीवरून कळतें. मार्च महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारीं जागतिक मूत्रपिंडदिन असतो. तो आपल्या वर्षप्रतिपदेच्या आसपासच येतो. नव्या वर्षाच्या पंचांगाबरोबर ही परीक्षाही घरांत यावी, म्हणजे ती विसरणार नाहीं.

वहींत पहिलें नांव बहुधा घरांतील कर्त्या पुरुषाचें येईल, व गृहिणीचें शेवटीं किंवा येणारच नाहीं. हें आम्ही मुद्दाम बोलून दाखवितों. सर्वांचीं औषधें वेळेवर देणाऱ्या आजीबाई किंवा काकू स्वतःची तपासणी 'मला काय होतंय' म्हणून वर्षानुवर्षें टाळतात. मूत्रपिंडास मात्र संकोच कळत नाहीं. मुलांनीं व सुनांनीं त्यांस आग्रहानें घेऊन जावें.

स्वयंपाकघरांत मिठाचा हात आंवरावा. जागतिक आरोग्य संघटनेनें मोठ्या माणसास दिवसाचें मीठ पांच ग्रॅमहून कमी सांगितलें आहे, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा. त्यांत पापड, लोणचें, सांडगे, कुरडया व ठेचा ह्यांतील मीठही आलें. भाकरीबरोबर ठेचा हवाच असेल तर वरून मिठाचा खडा नको. खारपाण पट्ट्यांतील घरांनीं हें दुप्पट कसोशीनें पाळावें. गुडघेदुखीसाठीं दुकानांतून स्वतः आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडास घातक आहेत. मूळ ठाऊक नसलेलीं भस्मेंही तशींच. तंबाखू व विडी ह्यांविषयीं काय लिहावें !

अकोल्याचें सर्वोपचार रुग्णालय, अमरावतीचें इर्विन रुग्णालय, डॉ. पंजाबराव देशमुख ह्यांच्या नांवाचें वैद्यकीय महाविद्यालय, व दोन्ही शहरांतील तज्ज्ञ डॉक्टर, एवढी साधनसामग्री आज वऱ्हाडच्या हातीं आहे. पूर्वीच्या पिढीस हा रोग ओळखण्यास पायांवर सूज येईपर्यंत थांबावें लागे. आपणांस तसें थांबण्याचें कारण उरलेलें नाहीं. ज्या घरांत मधुमेह आहे त्या घरांतील वडील मंडळींनीं हा अंक वाचून खालीं ठेवण्यापूर्वीं एवढेंच आठवून पाहावें, कीं आपल्या लघवीचें अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण शेवटचें केव्हां काढलें होतें. आठवत नसेल, तर उद्यांची सकाळ ही त्यास योग्य वेळ आहे.